दारोग्यांच्या गाडीतले उतारू

भिकाजीराव दारोग्यांना पायी चालणारा माणूस बघवत नसे. काही लोकांना वाकडी पगडी बघवत नाही, काहींना शेजाऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही, तसंच हे. रस्त्यात कुणी चालताना दिसला की ते कासरा खेचून गाडी त्याच्या पुढ्यात आडवी घालत आणि म्हणत, "चला, बसा. पाय काय फुकटचे आहेत?"

आपण म्हणावं, "अहो, मला इथंच जायचंय. दोन घरं सोडून."

"मग तर बसाच. लांब जाणाऱ्याला कुणीही नेतं."

या बोलण्याचा अर्थ मला आजवर लागलेला नाही. पण त्या क्षणी ते बिनतोड वाटत असे आणि आपण गाडीत असू. गाडी मग ती दोन घरं ओलांडून पुढे निघून जाई. कारण भिकाजीरावांना माणसाला बसवण्याची जेवढी घाई असे, तेवढी उतरवण्याची नसे.

त्या वेळी मी ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या शाळेत मास्तर होतो आणि भिकाजीरावांच्या शेजारच्या घरात राहत होतो. म्हणजे त्यांच्या हाताशी असलेलं सगळ्यात सोपं सावज मीच. एकदा सकाळी मी नुसता तांब्या घेऊन चूळ भरायला दारात आलो होतो. "चला मास्तर, बसा," एवढं ऐकू आलं. त्यानंतर मला आठवतं ते एकदम कळव्याकडचं खाडीचं पाणी. परत येताना मी तांब्या धोतराच्या सोग्यात लपवत चालत होतो. वाटेत भेटलेल्या पालकांनी त्या तांब्यावरून आणि एवढ्या लांबच्या फेरीवरून माझ्या पोटाविषयी जो तर्क करायचा तो केला. शाळेत त्या दिवशी एकाने मला ओव्याची पुरचुंडी आणून दिली.

गाडीसुद्धा माणसं बसवण्यासारखी असती तर एक वेळ चाललं असतं. भिकाजीराव मीठ खात्यात दारोगा होते. मिठागरांतून निघालेल्या गाड्या अडवायच्या, गोण्या तपासायच्या, चोरटं मीठ पकडायचं, यात त्यांचा जन्म गेला. ते पेन्शनीत निघाले त्याच सुमारास खात्याने जुन्या गाड्या विकायला काढल्या, तेव्हा त्यांनी एक गाडी आणि तिचेच दोन म्हातारे बैल विकत घेतले. वर छप्पर नाही, खाली गादी नाही. फळ्यांच्या फटींत अजून मीठ. हवा दमट असली की ते मीठ पाझरे आणि धोतराला मागच्या बाजूने चिकटे. टेंभी नाक्यावर एखाद्या गृहस्थाच्या धोतराला पाठीमागून मातकट मिठाचे पट्टे दिसले की लोक ओळखत, आज हा दारोग्यांच्या तावडीत सापडला होता.

आणि बैल! त्यांचीही सगळी नोकरी सरकारात झालेली. रस्त्यात मीठ खात्याची एक ओस पडलेली जुनी चौकी होती. तिच्यासमोर आले की ते आपले आपण उभे राहत. मारा, ओरडा, शेपट्या पिळा, हलायचे नाहीत. मग भिकाजीराव खाली उतरत, गाडीभोवती एक सावकाश फेरी घालत, आमची गाठोडी हाताने चाचपत आणि मोठ्याने म्हणत, "ठीक आहे. जाऊ द्या." तेवढं झालं की बैल चालू लागत. ही तपासणी फक्त बैलांच्या समजुतीसाठी आहे, असं भिकाजीराव आम्हाला सांगत. पण गाठोड्यात काय आहे हे कळल्याशिवाय त्यांचा हात गाठोड्यावरून निघत नसे. डब्यात चटणी असली तर ते बोटाने चाखून बघत आणि म्हणत, "मीठ बेताचं आहे. तुमच्या घरी माणसं समाधानी दिसतात."

गाडी चालली की त्यांचं बोलणं चालू. गाडी थांबली तरी बोलणं चालूच. कुठल्या भरतीला कुठलं मिठागर फुटलं, कोण कसा गोणीत वाळू भरून वर मीठ पसरायचा, कोणत्या साहेबाला कोणती भाजी आवडायची. ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा अशीसुद्धा त्यांची अपेक्षा नव्हती. त्याने गाडीत असावं, एवढंच.

या गाडीत आपणहून बसणारी ठाण्यात एकच व्यक्ती होती. माणकी कोळीण. सुकटीची टोपली घेऊन ती बाजाराला निघायची आणि भिकाजीरावांची गाडी दिसली की स्वतःच हाक मारायची, "ए दारोग्या, थांब!" भिकाजीरावांना एकेरी हाक मारायची हिंमत गावात दुसऱ्या कुणाची नव्हती. तिचा हक्क निराळा होता. फार वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला भिकाजीरावांनी मिठाच्या दोन गोण्यांसकट पकडून दिलं होतं. नवरा पुढे सुटला, नंतर वारलाही. पण माणकीने तो हिशेब मिटवला नव्हता. ती गाडीत बसे आणि बाजार येईपर्यंत भिकाजीरावांना त्याबद्दल शिव्या घाली. ते मधून मधून "बरोबर आहे" म्हणत आणि मिठागराची गोष्ट पुढे चालू ठेवत.

एके दिवशी आम्ही तिघं गाडीत होतो. मी, माणकी आणि राघोबा सोनार. राघोबांना कल्याणला लेकीकडे जायचं होतं म्हणून ते आगगाडीसाठी स्टेशनाकडे चालले होते. त्यांना ऐकू कमी येत असे. त्यामुळे भिकाजीरावांनी "बसा" म्हटलं ते त्यांना ऐकूच आलं नव्हतं. हात धरून वर ओढल्यावर त्यांना कळलं.

स्टेशनच्या रस्त्याला एक नवा पोलीस शिपाई उभा होता. तो घाटावरून नुकताच बदलून आला होता. नाही तर त्याने ही गाडी अडवलीच नसती. जुने शिपाई गाडी दिसली की भिंतीकडे तोंड करून उभे राहत, कारण भिकाजीराव त्यांनाही बसवत. त्या सुमारास म्युनिसिपालिटीने गाड्यांना नंबरच्या पाट्या ठोकल्या होत्या. मालाच्या गाडीला एक तऱ्हेची, माणसांच्या गाडीला दुसऱ्या. मालाच्या गाडीत उतारू बसवले तर खटला, असा नियम होता. भिकाजीरावांची पाटी अर्थातच मालाची.

शिपायाने हात वर केला. "ए, गाडीत काय आहे?"

भिकाजीराव थक्क झाले. हा प्रश्न त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना विचारला होता. त्यांना कुणी विचारला नव्हता. रागावावं की खूश व्हावं हे त्यांना क्षणभर ठरवता येईना.

"असं विचारतात?" ते म्हणाले. "आधी गाडीला फेरी घालायची. मग गाडीवानाच्या डोळ्याकडे बघायचं. शेवटी प्रश्न. प्रश्न आधी विचारलास तर चोर सावध होतो. कुणी शिकवलं तुला?"

"उतारू भरलेत तुम्ही मालाच्या गाडीत," शिपाई म्हणाला. "नाव सांगा."

"नाव सांगतो. पण फेरी घाल. त्याशिवाय हे बैल हलायचे नाहीत."

आणि खरोखरच बैल हलेनात. अंगावर गणवेश असलेला माणूस समोर उभा आहे म्हणजे तपासणी झाली पाहिजे, ही त्यांची शिस्त. मागे गाड्यांची रांग लागली. टांगेवाले ओरडू लागले. शेवटी त्या बिचाऱ्या शिपायाने लाल तोंडाने गाडीभोवती एक फेरी घातली. "ठीक आहे, जाऊ द्या, म्हण," भिकाजीरावांनी सुचवलं. तेही तो म्हणाला. गाडी चालू झाली, राघोबांची आगगाडी आधीच कल्याणच्या वाटेला लागली होती आणि भिकाजीरावांवर खटला झाला.

दंड असा किरकोळ होता की कुणीही शहाणा माणूस तो भरून घरी गेला असता. भिकाजीराव त्यातले नव्हते. गावातल्या एका वकिलाने त्यांना सांगितलं, "भरून टाका हो." त्यांनी त्या वकिलाला गाडीत बसवून समजूत घालायचा प्रयत्न केला. वकील गल्लीतून पळाला.

मग रोज संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर यायचे. मी मॅजिस्ट्रेट व्हायचं आणि त्यांनी मला पटवायचं.

"मास्तर, उतारू कुणाला म्हणतात?"

"गाडीत बसतो त्याला."

"चूक. तुम्ही पोरांना हेच शिकवता? बसतो तो बसारू झाला असता. उतरतो तो उतारू. शिपायाने अडवलं तेव्हा कुणी उतरलं होतं का? नाही! म्हणजे त्या घटकेला गाडीत एकही उतारू नव्हता."

मी म्हणालो, "मग आम्ही कोण होतो?"

या प्रश्नावर त्यांनी रात्रभर विचार केला असावा. सकाळी ते कुंपणावरून ओरडले, "माल!"

खटल्याच्या दिवशी कोर्टात गर्दी होती. ज्यांच्या ज्यांच्या धोतराला कधी मीठ लागलं होतं ते सगळे हजर होते. भिकाजीरावांनी सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला. त्यांना वाटलं, आपल्याला पाठिंबा द्यायला आले आहेत.

मॅजिस्ट्रेट मध्यम वयाचे, शांत गृहस्थ होते. गुन्हा कबूल आहे का, असं त्यांनी विचारलं. भिकाजीरावांनी उतारू या शब्दाची फोड करून सांगितली. मॅजिस्ट्रेटनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाले, "म्हणजे आगगाडीतही स्टेशन येईपर्यंत एकही उतारू नसतो?"

"नसतो, रावसाहेब. कंपनी उगाच तिकिटं विकते."

लोक हसले. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी राघोबांना साक्षीला बोलावलं.

"आरोपीने तुम्हाला गाडीत बसवलं?"

"लेकीकडे चाललो होतो," राघोबा म्हणाले.

"गाडीत बसवलं का, विचारतोय."

"नाही नाही, तिला घरी बसवण्याचा वगैरे प्रश्न नाही. तिचं लग्न मागेच झालं. बिऱ्हाड कल्याणात आहे."

राघोबांना खाली बसवण्यात थोडा वेळ गेला. मग भिकाजीराव पुढे सरसावले. "रावसाहेब, ही माणसं उतारू आहेत असं घटकाभर धरून चाललो, तरी त्यांनी भाडं दिलेलं नाही. जे विनाभाड्याने नेतो ते आपलं सामान. तेव्हा कायद्याच्या नजरेने ही तिन्ही माणसं माल आहेत."

मागून एकदम आवाज आला. "का रं दारोग्या, मी माल हाय?"

माणकी साक्षीसाठी आली होती. तिला अजून कुणी बोलावलं नव्हतं. पण ती पदर खोचून उभी राहिली होती. "सुकट माल हाय. टोपली माल हाय. मी काय गोणीत भरलेली होती? जल्ला तुजा कायदा! माजे नवऱ्याला धरलास तवा मीठ माल होता. आता मना बी माल करतंस?"

पट्टेवाला तिला गप्प करायला धावला. मॅजिस्ट्रेटनी हाताने त्याला थांबवलं. "बाई, तुला याने जबरदस्तीने बसवलं?"

"माजेवर जबरदस्ती करनारा हाय कोन? मीच बसते. टोपलीनं मान मोरते, म्हनून बसते." मग भिकाजीरावांकडे बघून म्हणाली, "बोलते पन. ज्याला बोलायचं त्याला बोलायला मिलतं."

शेवटी मला विचारलं गेलं. मी स्वखुशीने बसलो होतो का? मी शपथेवर होतो. मी म्हणालो, "रावसाहेब, मी शाळेत चाललो होतो. शाळा स्टेशनच्या उलट बाजूला आहे." यावर कोर्टात एवढा हशा झाला की भिकाजीरावसुद्धा हसले.

मॅजिस्ट्रेटनी बोरू उचलला. "पेन्शनर आहात, सरकारची नोकरी इमानाने केली आहे, पैसेही कुणाकडून घेतलेले नाहीत. दंड माफ करता येईल. फक्त एक मुचलका लिहून द्या, की यापुढे या गाडीत माणसं बसवणार नाही. नाही तर गाडीचा नंबर जाईल."

आम्हाला वाटलं, झालं. भिकाजीराव जिंकले. आता हा माणूस गल्लीगल्लीतून या विजयाची मिरवणूक काढणार आणि त्या मिरवणुकीच्या गाडीत आपल्यालाच बसवणार, या धास्तीने मागची मंडळी सटकायला लागली होती.

भिकाजीराव जागचे हलेनात.

"सही करा," शिरस्तेदार म्हणाला.

"रावसाहेब," भिकाजीराव म्हणाले, "दंड घ्या. दुप्पट घ्या. ते लिहून घेऊ नका."

मॅजिस्ट्रेटनी बोरू खाली ठेवला. "दंड भरायचा नाही म्हणून तुम्ही कोर्टाचा अर्धा दिवस खाल्लात. आणि आता दुप्पट भरायला तयार? का?"

मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो. उत्तर द्यायला शब्द शोधताना मी त्यांना प्रथमच पाहिलं. ते एकदा मागे बघून घेऊन, जरा हळू आवाजात म्हणाले, "घरी बोलावलं तर कुणी येत नाही, रावसाहेब. गाडीत बसलं की निदान खाली उतरेपर्यंत तरी माणूस जवळ असतो."

दाराशी गेलेली मंडळी थबकली. राघोबांनी मला कोपराने ढोसून विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हणालो, "नंतर सांगतो."

खरं तर त्यात सांगण्यासारखं, ठाण्यात कुणाला ठाऊक नसलेलं, काहीच नव्हतं. खाडीकाठच्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी त्यांनी कधी तरी पकडून दिलं होतं. उरलेल्या निम्म्यांनी आपल्या माणसासाठी शब्द टाकला होता आणि त्यांनी तो मानला नव्हता. बायको नोकरीच्या धबडग्यातच गेली. मुलगा इंदूरकडे, येईन येईन म्हणणारा. गणपतीत ते दारात उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला "प्रसाद घ्या" म्हणत आणि लोक "आलोच" म्हणून पुढे जात. मीही कुंपणापलीकडे राहत असून त्यांच्या घरात फारसा कधी गेलो नव्हतो. जायची गरजच काय होती? ते रोज मला गाडीत घालून नेतच होते.

नियम तो नियम. मॅजिस्ट्रेटनी आवाज शक्य तेवढा मऊ केला, पण मुचलका लिहून घेतलाच. भिकाजीरावांनी सही केली आणि पगडी सारखी करत बाहेर पडले. त्या दिवशी ते घरी चालत आले. रिकामी गाडी घेऊन बैल मागून आले.

पुढचे दिवस गावाला फार सुखाचे गेले. लोक निघत ते जिथे जायचं तिथेच पोचत. धोतरं मागून स्वच्छ दिसू लागली. मी शाळेत वेळेवर हजर होऊ लागलो, त्यामुळे पोरं हवालदिल झाली. गाडी अंगणात जू टेकून पडली होती. बैल चिंचेखाली रवंथ करत असत. भिकाजीराव पडवीत बसलेले दिसत, डोक्याला काही नाही, अंगात जुनी बंडी. मी जाताना ते मान हलवत. "निघालात?" एवढंच विचारत. मी "हो" म्हणे आणि पुढे जाई. रस्ता तेवढाच होता, पण त्यावर आता मिठागरं फुटत नसत, साहेबांच्या भाज्या शिजत नसत, आणि मला तो उगाच लांब वाटू लागला होता.

एका दुपारी शाळा सुटल्यावर मी घरी येत होतो. पुढे माणकी चालली होती, डोक्यावर टोपली. बाजार आटोपला होता, तरी टोपली बरीच जड दिसत होती. भिकाजीरावांच्या दाराशी ती थांबली. ते पडवीत होतेच. ती फाटक ढकलून सरळ आत गेली, टोपली धाडकन अंगणात उतरवली आणि पायरीवर बसली.

"काय गं?" भिकाजीराव गडबडून उठले.

"काय काय? दमली. गारी बंद केलीस, त बसाला पायरी तं दे."

"बस ना. बस."

"बसलीच हाय."

गाडीत ज्याचं तोंड मिटत नसे तो माणूस खांबाला धरून नुसता उभा होता. माणकीने पदराने तोंड पुसलं, इकडेतिकडे पाहिलं, तिची नजर कुंपणापाशी उभ्या असलेल्या माझ्यावर आली.

"मास्तर, तू का थंय खुटा होऊन ऱ्हायलास? ये की आत."

मी आत गेलो. दुसऱ्याच्या घरी माणकीने मला बोलावलं आणि मी गेलो. माणकीच्या शेजारी, एक पायरी सोडून बसलो. भिकाजीराव आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत होते.

"पानी मिलल का या घरान?" माणकीने विचारलं.

"आणतो, आणतो," म्हणत ते जवळजवळ पळतच आत गेले. आत काही तरी पडल्याचा आवाज झाला. पेटीचं झाकण आपटलं. पाणी आणायला एवढा वेळ का लागावा हे आम्हाला कळेना. माणकी म्हणाली, "हिर खनतंय का काय!"

मग ते बाहेर आले. एका हातात पाण्याचा तांब्या होता, दुसऱ्या हातात गुळाची वाटी. बंडीवर त्यांनी घड्या पडलेला अंगरखा चढवला होता, आणि डोक्यावर पगडी होती, घरी पाहुणे आले म्हणजे घालतात तशी.